खुब्याच्या बाजूचं दुखणं, शॉकवेव्ह आणि धीर

खुब्याच्या बाजूच्या दुखण्यावर मशीनने ठोके देऊन उपचार करतात, त्याला शॉकवेव्ह म्हणतात. नाव ऐकलं की पहिला प्रश्न हाच येतो, करंट देतात का? माझ्या जाऊबाई तर फोनवरच म्हणाल्या, असलं काही करू नको बाप्पा, हाडाला कोणी करंट लावते का. करंटचा काही संबंध नाही. आपल्याकडे फिजिओकडे जी मशीन बहुतेक असते ती रेडियल, तिच्या हँडपीसमधे हवेच्या दाबाने एक छोटी गोळी पुढे आदळते आणि तो ठोका कातडीतून आत जातो, बस. मूळ कल्पना किडनी स्टोन फोडायच्या मशीनची, 1980 मधे जर्मनीत म्युनिकला पहिल्या पेशंटवर वापरली होती. आपल्या खुब्यात फोडायचं मात्र काही नसतं, ठोक्यांनी तिथल्या थकलेल्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, परत दुरुस्तीच्या कामाला लावायचं असतं.

आता दुखणं कोणतं ते, कारण इथेच सगळा गोंधळ होतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला जे हाड लागतं ना, तिथे. त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येते, जिने चढताना कळ येते, बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत, आणि दुखणं मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरतं. उतरतं म्हणून लोक सायटिका म्हणतात. मला पण आधी मणक्याचंच सांगितलं होतं, कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणे थोडंफार निघतंच, आणि मग बरेच महिने कमरेचेच उपचार चालू राहिले. शेवटी इथे नागपुरात धंतोलीत एका फिजिओ मॅडमनी मला नुसतं दुखऱ्या पायावर उभं केलं, भिंतीला एक बोट टेकवून, आणि अर्धं मिनिट व्हायच्या आत बरोब्बर तीच कळ आली. मग त्यांनी हाडावर दाबलं. मी ओरडलेच. सायटिकात सहसा गुडघ्याच्या खाली मुंग्या, बधिरपणा जातो, आणि खुब्याचा सांधाच झिजला असेल तर जास्त करून जांघेत दुखतं आणि मोजे घालायला त्रास होतो. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर किती बरं झालं असतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

पूर्वी याला सरसकट बर्सायटिस, म्हणजे हाडाजवळच्या पाणीदार पिशवीची सूज, म्हणायचे, आता कळलंय की बहुतेकांमधे मूळ त्रास ग्लुटियस मिडियस आणि मिनिमस या खुब्याच्या बाजूच्या स्नायूंच्या टेंडनचा असतो. चाळिशी ते साठीच्या बायकांना सगळ्यात जास्त. आणि आपल्या सवयी बघा: पूजेला, हळदीकुंकवाला एका बाजूला पाय दुमडून जमिनीवर बसणं, एका खुब्यावर भार टाकून ओट्याशी उभं राहणं, नातवंडाला कडेवर घेऊन गप्पा मारणं, खुर्चीत पायावर पाय. या सगळ्यात ते टेंडन हाडावर दाबलं जातं. मी महालक्ष्म्यांच्या वेळी यंदा सरळ स्टूल घेऊन बसले, कोणी काही म्हणो.

सेशनमधे काय होतं तर चांगल्या कुशीवर झोपवतात, जेल लावतात, सगळ्यात दुखरी जागा बोटाने शोधतात आणि मग टकटकटक सुरू. साधारण 2000 ठोके, सेकंदाला आठच्या हिशोबाने चार-पाच मिनिटांत आटोपतं. दुखतं का? हो, दुखतं, पहिलं मिनिट चांगलंच, पण सांगितलं की दाब कमी करतात आणि हळूहळू जागा सरावते. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, तीनेक वेळा. त्या संध्याकाळी ठणका लागू शकतो, कातडी लाल होते, कधी निळसर डाग. भर मे महिन्यात दुपारी स्कूटीने घरी येणं मात्र नको वाटायचं, शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सेशन संपल्यावर लगेच काहीही होत नाही. खरंच काही नाही. आणि इथेच लोक सोडतात, म्हणतात पैसे गेले, त्यापेक्षा इंजेक्शन घेतो. याच दुखण्यावर 2009 मधे जर्मनीतला एक अभ्यास आला होता, 229 पेशंट, कोणाला घरचा व्यायाम, कोणाला एक स्टेरॉइड इंजेक्शन, कोणाला रेडियल शॉकवेव्ह. एका महिन्याने इंजेक्शनवाल्यांपैकी 75 टक्के लोक बरे आणि शॉकवेव्हवाल्यांपैकी फक्त 13 टक्के! तिथेच थांबलं तर वाटेल शॉकवेव्ह फालतू आहे. पण चार महिन्यांनी शॉकवेव्ह 68, इंजेक्शन 51, आणि पंधरा महिन्यांनी शॉकवेव्ह 74, इंजेक्शन 48. आणि सगळ्यात पुढे कोण, तर घरचा व्यायाम, 80 टक्के. 2018 मधे ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला त्यातही व्यायाम आणि सवयी सुधारणं हे वर्षभराने इंजेक्शनपेक्षा चांगलं ठरलं. तेव्हा जो कोणी म्हणेल की नुसत्या मशीनने बरं करून देतो, व्यायामाची गरज नाही, त्याचं मी ऐकणार नाही. टेंडनला ताकद लागते आणि ती वजन उचलूनच येते, शेतात राबणाऱ्या हाताला घट्टे पडतात तसं हळूहळू.

मला दिलेले व्यायाम साधेच, पाठीवर झोपून कंबर वर उचलायचा ब्रिज, रबर बँड लावून आडवं चालणं, मग पायरीवर चढ-उतर. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको, वाढलं तर कमी करायचं. पाय क्रॉस करून बाजूला वाकायचा जो स्ट्रेच सगळे सांगतात तो मॅडमनी बंद करायला लावला, त्याने तीच जागा अजून दाबली जाते. झोपताना दोन्ही गुडघ्यांमधे जाड उशी. याने मला रात्रीचा सगळ्यात लवकर आराम पडला, मशीनच्याही आधी.

फुटाळा तलावावर फेरी मारायला मी आता परत जाते, जिने चढताना कठडा धरावा लागत नाही, बराच वेळ उभी राहिले तर अजून जाणवतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, पेसमेकर असेल, त्या जागी गाठ किंवा इन्फेक्शन असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, यात लाजायचं काही नाही. नुकतंच स्टेरॉइड इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा.

आणि पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: मशीन रेडियल आहे की फोकस्ड (म्हणजे ठोका आत एका ठिकाणी एकवटणारी), किती सेशनचा विचार आहे, आणि सोबत व्यायाम कोण शिकवणार. तिसऱ्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरीकडे जा, धंतोली-रामदासपेठेत फिजिओंची काही कमी नाही.