पासवर्ड बदलायच्या आधी घड्याळ बघा

लॉगिन होत नाही म्हटलं की पहिली घाई असते ती पासवर्ड बदलायची. कृपा करून तसं करू नका. कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या पतसंस्था आणि शाळांची नेटवर्कं मी सांभाळते. पावसाळ्यात असे फोन आले की पासवर्डचा दोष क्वचितच निघतो. परवा एका शाखेतून कॅशियरकाका सांगत होते, "ताई, पासवर्ड तोच आसा, पण घेणा नाय." मी विचारलं, "काका, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तारीख कित्येक वर्षं मागची होती.

आपल्याकडे वादळी पावसात लाईट रात्र-रात्र जाते. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा छोटा गोल सेल संपलेला असेल तर लाईट आल्यावर पीसी भलतीच तारीख घेऊन उठतो. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरला जोडलेल्या ऑफिसच्या पीसींच्या जाळ्यात, लॉगिन तपासायचं काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते, आणि त्यात पासवर्ड वायरवरून जातच नाही. पासवर्डपासून तयार केलेल्या किल्लीने पीसी त्या क्षणाची वेळ कुलूपबंद करून सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर ती उघडून आपल्या घड्याळाशी ताडतो. ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला, तर मूळ सेटिंगप्रमाणे नकार. कुणी मधल्या मधे तो निरोप पकडून नंतर वापरू नये म्हणून ही कडक शिस्त आहे, आणि मला ती मनापासून पटते.

यात एक फसवी जागा आहे. घड्याळ बरोबर दिसतं, पण टाइम झोन चुकलेला असतो. तुलना होते ती यूटीसी, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेची. जुलैत झोन अमेरिकेच्या पॅसिफिकवर राहिला आणि कुणी हाताने काटे आपल्या वेळेला जुळवले, तर फरक साडेबारा तासांचा पडतो. म्हणून आधी झोन बघा, मग वेळ.

तारीख-वेळ ठीक असेल तर शेअर फोल्डर सर्व्हरच्या नावाने उघडून बघा, मग आयपी पत्त्याने, म्हणजे सर्व्हरच्या आकड्यांतल्या पत्त्याने. आयपीने उघडतंय आणि नावाने नाही, तर संशय डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा कर्बेरॉसवर घ्या, कारण आयपीने गेलं की विंडोज सहसा एनटीएलएम ही जुनी पद्धत वापरतं. नेट स्लो आहे म्हणून कुणीतरी डीएनएसमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता टाकून ठेवलेला मला फार वेळा सापडतो. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसातला सर्व्हर कुठून माहीत असणार? तिथे डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचाच पत्ता हवा. डेस्कटॉप उघडला म्हणून निर्धास्त होऊ नका. विंडोज मागची १० लॉगिनं स्वतःजवळ जपून ठेवतं, त्यामुळे सर्व्हर भेटला नाही तरी आत घेतं आणि शेअर फोल्डरपाशी अडतं.

किनाऱ्यालगतच्या शाखांत नेटवर्क केबलच्या जॅकच्या पिनाही तपासा, खारी हवा त्या खाते.

'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा मेसेज आला तर दोष माणसाच्या पासवर्डचा नसतो. डोमेनमध्ये पीसीचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. जुना बॅकअप चढवला की पीसीकडे जुना, सर्व्हरकडे नवा. डोमेनमधून काढून परत जोडण्याआधी विंडोजच्या पॉवरशेल या कमांड खिडकीतून पीसी आणि सर्व्हरमधला सुरक्षित दुवा (सिक्युअर चॅनल) दुरुस्त करून बघा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

खातंच लॉक होत असेल तर सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरची नोंद शोधा. चुकीचे प्रयत्न कुठल्या पीसीवरून येताहेत ते तिथे लिहिलेलं असतं, आणि त्या पीसीवर अनेकदा जुना पासवर्ड सेव्ह करून ठेवलेला सापडतो.