साताऱ्याहून अंदमान, आठ मोठी माणसं: आईवडिलांना बाराटांगला नेऊ नका

पहाटे पावणेतीनला हॉटेलच्या दारात गाडी उभी होती. आई पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. वय ७१. सहलीच्या कागदावर त्या दिवसापुढे छापलं होतं, ‘बाराटांग – निसर्गरम्य अर्धा दिवस’. बाराटांग हे अंदमानातलंच एक बेट, तिथली चुनखडीची गुहा बघायला नेतात. हॉटेलवर परत आलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. म्हणजे पावणेसोळा तास. हा अर्धा दिवस कुणाच्या घड्याळात बसतो ते मला अजून कळलेलं नाही. हे लिहायला बसलोय ते मुख्यतः त्या एका दिवसासाठी.

आधी आम्ही कोण ते सांगतो, म्हणजे तुमचा हिशोब तुम्हाला लावता येईल. आम्ही आठ जण: आई, मावशी (६६, मधुमेह), दादा-वहिनी, ताई-दाजी, मी आणि बायको. मुलं एकही नाही. पाच मुलं साताऱ्यात आमच्याच घरी राहिली आणि त्यांच्याकडे माझे सासू-सासरे येऊन राहिले, म्हणजे शाळा बुडली नाही. यावरून घरात बरीच बोलणी झाली. दोन वर्षांपूर्वी सगळे मिळून कोकणात गेलो होतो, तेव्हा तिन्ही बायका आठ दिवस मुलांना भरवण्यात आणि ओले कपडे वाळत घालण्यात होत्या, आणि आईला समुद्र दिसला तो बाल्कनीतून. तेव्हाच ठरलं होतं की एकदा फक्त मोठ्यांनी जायचं. ज्यांना हे जमण्यासारखं आहे त्यांनी संकोच करू नका, जा. मे आणि दिवाळीची सुट्टी पाळावी लागत नाही, हा मोठा फायदा. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. तिथे नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात, त्यामुळे मे ते डिसेंबर पावसाचा भरवसा नसतो. फेब्रुवारीत आकाश मोकळं मिळालं आणि समुद्रही शांत होता.

एजंटाला मात्र ‘मुलं नाहीत’ म्हटल्यावर वाटलं की ही सगळी चालती-फिरती माणसं आहेत, वाट्टेल तेवढं पळवा. त्याने रोज पहाटे उठायचं वेळापत्रक बनवलं. आई-मावशीची वयं त्याला आधार कार्डासकट दिलेली होती. एकदा तरी कार्डावरचं जन्मसाल वाचायला हवं होतं.

आता बाराटांग. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, बोलण्यात अजून जुनंच) तीनला निघालो. दीड तासाने जिरकाटांग चेकपोस्ट. पुढचं जंगल जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र आहे. एकट्या गाडीला सोडत नाहीत, ठरलेल्या वेळी पोलिसांच्या देखरेखीखाली गाड्यांचा ताफा सुटतो. पहिला ताफा सहाचा. सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांचे तपशील लिहिलेला अर्ज द्यावा लागतो. आम्ही अंधारात रांगेत दीड तास उभे होतो. चहा मिळाला, तो चांगला होता.

ताफा सुटला की नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत: थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही, खिडकीतून खायला काही द्यायचं नाही. पन्नासेक किलोमीटरचं जंगल ताफ्याच्या वेगाने पार करायचं. आमच्या वेळी रस्ता मधल्या पट्ट्यात इतका उखडलेला होता की खंबाटकी घाट नवा होण्याआधीचे दिवस आठवले. अर्ध्या तासाने मावशीने ताईच्या कानात काही सांगितलं. ताईने ड्रायव्हरला विचारलं, “दादा, दोन मिनिटं थांबता येईल का?” तो म्हणाला, “मॅडम, इथे नाही थांबता येत. माझं लायसन्स जाईल.” मावशी काही बोलली नाही. समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती पुढचा सव्वा तास तशीच बसली. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, प्रत्येक खड्ड्याला मनगटाच्या शिरा वर येत होत्या. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ड्रायव्हरची यात काडीचीही चूक नाही. त्याने नियम पाळला. चूक त्याची आहे ज्याने मधुमेह असलेल्या बाईला या रस्त्यावर पाठवलं आणि मध्ये थांबता येत नाही एवढं एक वाक्य सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. साताऱ्यात पैसे भरताना त्या ऑफिसातला मुलगा आवाज खाली आणून म्हणाला होता, “नशीब असेल तर आदिवासी दिसतील.” तेव्हाच मी त्याला तोडायला हवं होतं. जंगलात आमच्या पुढच्या गाडीतली माणसं काचेला नाक लावून दोन्ही बाजूंना शोधत होती. तिथे माणसं राहतात, ते त्यांचं घर आहे. राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, तरी वाहतूक चालू आहे. हे मला परत आल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी या रस्त्याने गेलो नसतो, आणि हे मी थकव्यामुळे म्हणत नाही.

जंगल संपलं की मिडल स्ट्रेटचा धक्का. तिथे पाट्या लावलेलं स्वच्छतागृह आहे, मावशी तिकडे धावली. मग मोठ्या बोटीतून खाडी ओलांडायची, पलीकडे लहान स्पीडबोट, लाइफ जॅकेट, आणि खारफुटीच्या गर्द फांद्यांमधून पाऊण तास. हा भाग सुंदर आहे, तो नाकारणार नाही. पाणी हिरवंगार, फांद्या डोक्याला लागतील इतक्या खाली. बोट लागते तिथून चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चालायचं, मुळ्या, दगड, मधे शेताचा बांध. तुम्ही आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा न थांबता चढत असाल तर हे काहीच नाही. आईला सज्जनगडाच्या पायऱ्या अजून जमतात, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पायऱ्या वेगळ्या आणि ओल्या मुळ्या वेगळ्या. दमट हवेत, उपाशीपोटी, रात्री झोप नाही. जाताना एक तास, येताना सव्वा तास लागला. गुहेत छतावरून पाणी झिरपून चुनखडीचे झुंबरासारखे स्तंभ तयार झालेत. वाटाड्या टॉर्च मारून दाखवतो. हात लावू देत नाही, कारण हाताच्या तेलाने दगड काळा पडतो आणि वाढ थांबते. पंधरा मिनिटांत बघून होतं.

चालायला वेळ लागल्यामुळे परतीचा दुपारचा ताफा दहा-पंधरा मिनिटांनी हुकला. पुढचा ताफा दोन तासांनी. गाडीत एसी बंद, आईचे पाय घोट्यापर्यंत सुजलेले. दादा आणि मी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होतो. मड व्होल्कॅनो (चिखलाचा ज्वालामुखी) कागदावर होता, तो राहिलाच. त्याचे पैसे मात्र घेतलेले होते.

पैशांचंही सांगतो. ‘सगळं समाविष्ट’ असं लिहून घेतलं होतं. बाराटांगच्या धक्क्यावर स्पीडबोटीचं तिकीट वेगळं काढायला सांगितलं. एजंटाला फोन लावला तर म्हणे, “साहेब, समाविष्ट म्हणजे गाडी समाविष्ट.” मी तिथेच उभं राहून हिशोब केला: आमच्याकडून या एका दिवसाचे घेतलेले पैसे, आणि गाडी, बोट, तिकीट असा सरळ खर्च. निम्म्याहून जास्त रक्कम मधे जिरली होती. तुम्ही जाणार असाल तर प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी लिहून मागा: निघायची वेळ, परत यायची वेळ, किती चालायचं, आणि तिथे खिशातून काय काय भरायचं. तोंडी उत्तर घेऊ नका. जो लिहून देणार नाही त्याला सोडा.

माझं मत: साठीच्या पुढची माणसं, मधुमेह, गुडघे, यातलं काहीही बरोबर असेल तर बाराटांग यादीतून काढून टाका. तरुण असाल तरी तो दिवस सेल्युलर जेल आणि रॉस बेटाला द्या (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप).

सेल्युलर जेलला एजंटाने दीड तास दिला होता, त्यावर मी भांडून पूर्ण दुपार घेतली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, मधल्या मनोऱ्याभोवती सात लांब इमारती पसरलेल्या, आता त्यातल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीतल्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. सावरकर १९११ मध्ये इथे आले आणि १९२१ पर्यंत होते. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर टोकाला आहे, जिना दगडी आणि उंच. आईने कठड्याला धरून एकेक पायरी घेतली. कोठडीत गेल्यावर ती भिंतीला हात टेकून बराच वेळ उभी राहिली, मग चप्पल बाहेर काढून परत आत गेली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. आजोबा तिला लहानपणी काळ्या पाण्याच्या गोष्टी सांगायचे. तिला अंदमान बघायचं होतं ते एवढ्यासाठीच. संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम बघायचा असेल तर भाषा विचारून तिकीट काढा.

हॅवलॉकची (स्वराज द्वीप) फेरी दीड तासाची. आईला बोट लागेल अशी भीती होती. तासभर आधी अ‍ॅव्होमिन दिली, खालच्या मजल्यावर मागच्या बाजूची मधली सीट घेतली, काही झालं नाही. ओळखपत्र मूळ लागतं, आणि तासभर आधी धक्क्यावर पोहोचा, बॅगा तपासतात.

दाजींना स्कूबा करायचं होतं. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. पैसे भरून झाल्यावर आरोग्याचा फॉर्म आला, त्यात रक्तदाबाचा रकाना. तिथला मुलगा म्हणाला, “‘नाही’ लिहा, सगळे लिहितात.” ताईने फॉर्म हातातून घेतला आणि तो विषय तिथेच संपवला. पैसे परत मिळवायला तासभर गेला, मिळाले सत्तर टक्के. मी ताईच्या बाजूने आहे. गोळी चालू असेल तर साताऱ्याहून निघतानाच डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नसेल तर पाण्याखाली जाऊ नका. आणि ज्यांना चालतं त्यांनीही परतीच्या विमानाआधी किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, मोकळा ठेवा. आमच्या वेळापत्रकात स्कूबा परतीच्या आदल्या संध्याकाळी टाकलं होतं. ते आम्ही बदलून घेतलं.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारच्या आत पोहोचा. साताऱ्यात फेब्रुवारीत साडेसहाला सूर्य मावळतो, तिथे साडेपाचच्या आत मावळतो, कारण घड्याळ एकच आणि बेटं कितीतरी पूर्वेला. आम्ही पहिल्या दिवशी पाचला पोहोचलो आणि थोड्याच वेळात अंधार झाला. दुसऱ्या दिवशी मी सगळं रद्द करून परत गेलो. त्या दिवशी आई आणि मावशी, दोघी बहिणी, हातात हात धरून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि लाट आली की लहान मुलींसारख्या ओरडत होत्या. पन्नाशीच्या मुलाला आईचा असा आवाज ऐकायला मिळतो हे सांगूनही पटणार नाही. त्या एका तासासाठी मी परत सगळा खर्च करीन.

नीलवर (शहीद द्वीप) दोन दिवस छान गेले. शंख, प्रवाळ उचलून बॅगेत टाकू नका, कायद्याने बंदी आहे. मावशीने वेचलेले आम्ही वाळूत परत ठेवले. मुलांशी व्हिडिओ कॉल पोर्ट ब्लेअरवरून नीट होतो, हॅवलॉकवर आम्हाला हॉटेलच्या गेटपाशी उभं राहावं लागलं. रोख पैसे जवळ ठेवा.

आणि एवढं सगळं वाचूनही बाराटांगला जाणारच असाल, तर जिरकाटांगला ताफा सुटायच्या आधी गाडीतल्या प्रत्येकाला खाली उतरवून स्वच्छतागृहात पाठवा. झोपलेल्यालाही उठवा. ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यालाही.