मिस्टरी शॉपिंगमधले पेंडिंग अर्ज मी कसे सांभाळते : माझा अनुभव

फ्रीलान्स मिस्टरी शॉपिंग करते, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून एखाद्या ठिकाणी जायचं, सेवा कशी मिळते ते बघायचं आणि काम देणाऱ्या कंपनीला रिपोर्ट द्यायचा, असं म्हटलं की सगळे हेच विचारतात की कुणाला कळू न देता सगळं बघायचं, वेळा लक्षात ठेवायच्या, कोण काय बोललं ते टिपायचं, हे जमतं कसं. हात बसला की ते जमतं. मला खरं जड गेलं ते अप्लाय करून ठेवलेल्या कामांचं. अर्ज केलाय, पोर्टलवर पेंडिंग दिसतंय, हो पण नाही आणि नाही पण नाही, आणि असे अर्ज बऱ्याच कंपन्यांकडे एकाच वेळी पडलेले. त्यांचा हिशोब कसा ठेवायचा हे कुणी शिकवत नाही, मी हळूहळू बसवत गेले, आणि ते सगळं लिहून काढतेय कारण नवीन आलेले चांगले चांगले लोक नेमके ह्याच गोंधळाला कंटाळून काम सोडतात आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

आधी पेंडिंग म्हणजे नक्की काय ते सांगते. आपण कुठल्या एका कंपनीचे नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून करार असतो, त्यामुळे हव्या तितक्या कंपन्यांकडे नाव नोंदवता येतं आणि पुरेसं काम हवं असेल तर नोंदवावंच लागतं. ह्यातल्या बऱ्याच कंपन्या सॅसी किंवा शॉपमेट्रिक्ससारखं तयार सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून पोर्टलं दिसायला सारखी, पण लॉगिन प्रत्येकाचं वेगळं आणि एका कंपनीकडचे अर्ज दुसरीच्या पानावर दिसायचा प्रश्नच नाही. जॉबस्लिंगर नावाच्या साइटवर सॅसी वापरणाऱ्या कंपन्यांची कामं एकत्र बघता येतात, काम शोधायला ते फार सोयीचं आहे, पण जी कंपनी दुसरंच सॉफ्टवेअर वापरते तिचं काय? म्हणजे आपले सगळे अर्ज एकत्र दिसतील अशी जागा आपणच बनवली तर बनते, नाहीतर नाही.

आता काही कामं सेल्फ-असाइन असतात, बटण दाबलं की काम आपलं, विषय संपला. बाकीच्यांना अप्लाय करायचं, कुठल्या तारखेला जाऊ शकता ते टाकायचं, शेड्युलरसाठी, म्हणजे कंपनीत कामं वाटून देणाऱ्या माणसासाठी, एखादी ओळ लिहायची आणि वाट बघायची. पलीकडे शेड्युलर काय बघतो हे समजलं तेव्हा माझी अर्धी चिडचिड गेली. त्याच्यासमोर अर्जदारांची यादी असते, आधीच्या रिपोर्टना मिळालेले मार्क असतात (बऱ्याच ठिकाणी १० पैकी), आपण त्या जागेपासून किती लांब राहतो ते असतं, आणि रोटेशन असतं, म्हणजे त्याच ठिकाणी तोच माणूस किती दिवसांनी परत जाऊ शकतो त्याचा क्लायंटने, म्हणजे ज्याच्या ठिकाणाची तपासणी असते त्याने, घालून दिलेला नियम. शिवाय क्लायंटला कधी ठराविक वयाचा शॉपर हवा असतो, कधी ज्याच्याकडे अमुक वस्तू आधीपासून आहे असाच हवा असतो. एकेका शेड्युलरकडे ढिगाने ठिकाणं असतात, त्यामुळे उत्तर नाही आलं म्हणजे नकार असं धरायचं कारण नाही.

पण ह्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती नवीन लोकांना कुणी नीट सांगत नाही. अर्ज हीच आपली संमती असते. शेड्युलरने होकार दिला की बहुतेक ठिकाणी पुन्हा फोन करून विचारत नाहीत, काम सरळ आपल्या नावावर चढतं, एक मेल येतो आणि घड्याळ सुरू होतं. मग ते रद्द केलं तर रेकॉर्डवर दिसतं, आणि न सांगता गेलोच नाही तर काही कंपन्या कायमचं बंद करतात. त्यामुळे पेंडिंग अर्जाकडे मी 'बघू लागलं तर' असं बघत नाही, तो दिवस मी कुणालातरी शब्द दिलेला दिवस असतो.

हे डोक्यात पक्कं झालं आणि मी एक साधी स्प्रेडशीट केली. फॅन्सी काही नाही, फोनवर उघडेल अशी. एक अर्ज, एक ओळ. कंपनी, जॉब आयडी, ठिकाण, अर्ज कधी केला, कुठली तारीख देऊ केली, कामाची विंडो, म्हणजे ज्या दिवसांत काम करता येतं ती मुदत, कधी संपते, फी किती आणि खर्चाचे किती परत मिळणार, आणि स्टेटस. क्लायंटचं नाव मी लिहीत नाही, स्वतःचा कोड लिहिते, कारण क्लायंट कोण ते बाहेर जाऊ देणार नाही असं करारात आपण कबूल केलेलं असतं आणि शीट चुकून कुणाला शेअर झाली तर ते महागात पडेल.

ह्या सगळ्यात माझ्या सर्वात उपयोगाचा कॉलम म्हणजे 'कधीपर्यंत जिवंत', आणि तो कुठल्याच पोर्टलवर नसतो. समजा विंडो १ ते ३० आहे आणि मी १८ तारीख देऊ केलीय. रिपोर्ट साधारण १२ ते २४ तासात द्यावा लागतो, त्याआधी गाइडलाइन्स वाचायच्या, काही ठिकाणी छोटी परीक्षा पास व्हायची असते, म्हणजे १७ च्या दुपारपर्यंत असाइन नाही झालं तर १८ ला ते काम नीट होणार नाही. म्हणून त्या ओळीत 'जिवंत' खाली १७ लिहिते, ३० नाही. रोज सकाळी शीट ह्या कॉलमप्रमाणे सॉर्ट करायची, आज जे मरणार आहेत ते वर येतात, तेवढ्यांकडेच बघायचं. बाकी ओळींना हात पण लावायचा नाही.

तारखेवरून आठवलं, कंपन्या वेगवेगळ्या देशांतल्या असतात आणि ०४/०५ म्हणजे कुणाकडे ४ मे आणि कुणाकडे ५ एप्रिल. मी शीटमध्ये महिना कायम अक्षरात लिहिते. आणि काही पोर्टलवर मुदतीची वेळ त्यांच्या टाइमझोनची असते, ती आपल्या वेळेत करूनच शीटमध्ये टाकते, मूळ वेळ टाकतच नाही, नाहीतर रात्री दमलेलं असताना ते गणित कोण करत बसणार.

मग प्रश्न येतो एकच दिवस दोघांना द्यायचा का. लोक देतात, कारण दहा अर्जांमधले दोन-तीनच लागतात असं धरून चालतात. मला हे पटत नाही. जवळजवळची दोन छोटी कामं असतील, एका फेरीत होणारी, तर जरूर द्यावा, उलट दोघांच्या अर्जात लिहावं की मी त्या दिवशी त्या भागात आहेच. पण मोठं काम, जिथे तासभर बसायचंय आणि रिपोर्ट पानंच्या पानं आहे, तो दिवस मी एकालाच देते आणि बाकीच्यांना दुसरे दिवस. एकदा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकाच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून असाइन झाल्याचे मेल आले. महिनाअखेर आली की शेड्युलरना उरलेली ठिकाणं संपवायची घाई असते, त्यामुळे असं होणारच. शीट उघडली, दोन कामं वेगवेगळ्या दिवसांची होती, निवांत. तिसऱ्याची मी देऊ केलेली तारीख कधीच उलटून गेली होती आणि त्यांनी परस्पर दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून ते माझ्या नावावर चढवलं होतं. शीटमध्ये जॉब आयडी, अर्जाचा दिवस, देऊ केलेली तारीख सगळं समोर होतं, तेच तसंच्या तसं लिहून कळवलं की ह्या तारखेसाठी अर्ज नव्हता, परवा चालत असेल तर करते. उत्तर आलं, परवा करा, आणि वर थोडा बोनस पण वाढवून दिला. भांडायची वेळच आली नाही, कारण लिहिलेलं होतं.

आठवण करून द्यायची की नाही ह्यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं म्हणणं, एकदाच करावी आणि ती अशी करावी की शेड्युलरचं काम कमी होईल. 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं नुसतं विचारलं तर त्याला शोधाशोध करावी लागते. मी विषयातच जॉब आयडी आणि ठिकाण टाकते आणि आत इतकंच : "नमस्कार, १८ तारखेसाठी अर्ज केलाय. १७ च्या दुपारपर्यंत कळवलंत तर तो दिवस तुमच्यासाठी राखून ठेवते, नाहीतर अर्ज मागे घेईन. २० आणि २१ पण जमेल." ह्याला उत्तरं येतात. दोन पर्याय आयते दिलेले असतात ना, त्यांना फक्त एक निवडायचा असतो.

आणि मागे घेईन म्हटलं की खरंच घ्यायचा. हे फार कमी लोक करतात. पोर्टलवर विथड्रॉचं बटण बहुधा असतं, कधी 'माझे अर्ज' च्या आत दोन क्लिक खोल असतं, आणि नसेलच तर शेड्युलरला एक ओळीचा मेल. जिवंत तारीख उलटलेला अर्ज तसाच ठेवला तर तो कधीतरी आपल्या गळ्यात पडतो, आणि शेड्युलरलाही उगीच वाटत राहतं की इथे माणूस आहे. नियमितपणे मागे घेत गेले तसं काही शेड्युलर मलाच आधी विचारायला लागले, की ह्या तारखा मोकळ्या आहेत का. का ते मी त्यांना विचारलं नाही, पण मला वाटतं ज्याच्या पेंडिंग अर्जावर भरवसा ठेवता येतो असा माणूस त्यांनाही हवाच असतो.

रोटेशनचं मात्र जपून. एकाच क्लायंटची दोन ठिकाणं असतील आणि नियम असेल की एका महिन्यात एकच, तर दोन्हीकडे अर्ज केला तरी सिस्टीम काही वेळा अडवत नाही, दोन्ही लागतात आणि मग दुसरा रिपोर्ट नाकारला जाऊ शकतो, म्हणजे गेलेला वेळ आणि खर्च दोन्ही पाण्यात. त्यात क्लायंट कधी एक कंपनी सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा जुन्या भेटीची नोंद नव्या कंपनीकडे नसते. म्हणून काम झालं की ती ओळ मी डिलीट करत नाही, 'परत कधी जाता येईल' असा कॉलम भरून खालच्या भागात सरकवते आणि नवीन अर्ज करायच्या आधी क्लायंटचा कोड तिथे शोधते.

मेलचं थोडक्यात. प्रत्येक कंपनीचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह, सगळ्यांना एक लेबल, आणि स्पॅम रोज बघायचाच, कारण असाइनमेंटचे मेल एकसारख्या साच्यातले असतात आणि स्पॅममध्ये जाऊन बसतात. नुसत्या मेलवर विसंबून न राहता ज्यांच्याकडे अर्ज आहेत ती पोर्टलं दिवसातून एकदा उघडायची.

ह्या शीटचा अजून एक उपयोग मी आधी विचारातच घेतला नव्हता. मिस्टरी शॉपिंगच्या नावाने चालणारी फसवणूक सगळ्यांनाच माहीत असेल, तुमची निवड झालीय म्हणून एक चेक येतो, तो बँकेत भरा, त्यातून गिफ्ट कार्ड घ्या किंवा पैसे पुढे पाठवा आणि सेवा कशी होती ते कळवा. नंतर चेक खोटा निघतो आणि पैसे आपल्याच खात्यातून जातात. अमेरिकेतलं फेडरल ट्रेड कमिशन ह्याबद्दल वर्षानुवर्षं सावध करतंय. असा मेल आला की मी शीटमध्ये बघते. ओळ नाही म्हणजे मी अर्ज केलेला नाही, आणि जिथे अर्जच नाही तिथे निवड कुठून होणार? कंपनीचं नाव ओळखीचं असलं तरी मेलमधली लिंक न दाबता पोर्टल स्वतः उघडून खात्री करायची, कारण खऱ्या कंपन्यांची नावं सर्रास वापरली जातात. नवीन कंपनी असेल तर एमएसपीए नावाच्या, ह्या धंद्यातल्या संघटनेच्या सदस्यांमध्ये ती आहे का तेही बघावं, आणि नाव नोंदवायलाच पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं.

असाइन झालेली कामं, रिपोर्ट तपासणीत असलेली, आणि पैसे यायची बाकी असलेली ही माझ्याकडे वेगळ्या पानांवर आहेत. आधी एकाच पानावर ठेवून बघितलं, पण पैसे यायला कित्येक ठिकाणी महिना-दोन महिने लागतात, त्या ओळी जागा अडवून बसतात आणि पेंडिंग दिसेनासं होतं.

हल्ली तिमाही संपली की जुन्या ओळी कंपनीप्रमाणे लावून बघते, कुठे अर्ज लवकर लागतात, कुठे शेवटच्या आठवड्यातच लागतात, आणि कुठे नुसतेच मरतात. शेवटच्या आठवड्यातच हलणाऱ्या एका कंपनीकडे आता मी महिन्याच्या सुरुवातीला अर्जच करत नाही, २० च्या पुढे करते, बोनस पण तेव्हाच लागतो. आणि जिथे सगळेच अर्ज मरतात तिथे एकदा प्रोफाइल उघडून बघायचं, वय, पत्ता, किती लांब जायची तयारी आहे, ह्यातलं काहीतरी भरायचं राहिलेलं असतं आणि शेड्युलरच्या यादीत आपलं नावच येत नसतं. ते भरलं आणि तरीही पुढच्या तिमाहीत काही लागलं नाही, तर तिथे अर्ज करायला जाणारा वेळ मी दुसऱ्या कंपनीला देते.