तिनालक: काळा, लाल आणि सुताचा मूळ रंग

तिनालक हे कापड जिथे विणतात त्या लेक सेबू या तळ्याकाठच्या गावाला जायचं तर मनिलाहून विमानाने जनरल सांतोस, तिथून व्हॅनने कोरोनादाल, मग सुराल्ला आणि पुढे चढणीचा रस्ता. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडचं हे मिंडानाओ बेट. प्रवास कंटाळवाणा आहे, तो इथेच संपवते.

आधी तक्रार. बहुतेक सहली इथे येतात त्या धबधब्यांसाठी आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या झिपलाइनसाठी. विणकरांच्या घरी गाडी थांबते ती फोटोपुरती. आमच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी सरळ बॅग उतरवून घेतली आणि त्याच वाडीत राहिले. खोली साधी, रात्री चांगलाच गारठा. पण जेवायला तळ्यातला ताजा तिलापिया मासा, आणि घरच्यांनी इतक्या मायेने विचारपूस केली की बाकी कशाची उणीव भासली नाही.

तिनालक हे तिबोली लोकांचं कापड, आणि ते विणतात बायका. त्याचं सूत अबाकाचं. अबाका ही केळीच्याच कुळातली; तिच्या सोपटातून तंतू काढतात. तंतू कातत नाहीत, एकाला एक गाठ मारून जोडत जातात. गाठ इतकी बारीक की बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही. उन्हाच्या तापाने अबाका तडकतो, म्हणून नाजूक काम रात्री नाहीतर पहाटे.

त्या पहाटे घरातल्या आजी ताणा, म्हणजे उभे धागे, बांधत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले, त्यांनी नुसती मान हलवली. बांबूच्या चौकटीवर तंतू पसरलेले. आजी बोटांनी मोजून चार-पाच उचलत, मेण लावलेला दोरा त्यांच्याभोवती गच्च गुंडाळत आणि पुढे सरकत. समोर कागद नाही, आखणी नाही, कुठे खूण नाही. त्यांच्या भाचीने इंग्रजीत समजावलं: नक्षी स्वप्नात येते, अबाकाची देवता फू दालू ती दाखवते, नाहीतर आईकडून, आजीकडून आलेली असते. ही त्यांच्या आईची होती.

बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, हे आपल्याला पटोळा साडीमुळे ठाऊक असतं. इथे आधी काळा रंग, कनालुमच्या पानांचा, दिवसचे दिवस उकळून. मग जिथे लाल हवा तिथल्याच गाठी सोडायच्या आणि लोकोच्या मुळांच्या रंगात सूत घालायचं. लोको आपल्या आल, म्हणजे बारतोंडी, या झाडाच्या गोतातला. आपल्याकडेही आलाच्या मुळांचाच लाल रंग काढत. शेवटी उरलेल्या गाठी सोडल्या की आत अबाकाचा स्वतःचा फिका, मळकट पांढरा रंग निघतो. एवढेच तीन रंग.

शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेला संकल्पचित्र काढताना बाई सांगायच्या: तोल, लय, पुनरावृत्ती, उठाव. मी तेव्हा पेटीतले सगळे रंग वापरायचे. आजींच्या कापडात तो उठाव कुठून येतो, ते मी जवळून पाहिलं. काळा सर्वांत जास्त, लाल त्याहून कमी, पांढरा फक्त रेघेपुरता. पांढरा इतका थोडा आहे म्हणूनच नजर आधी तिथे जाते. शिवाय आडवा धागा सगळा काळा, त्यामुळे लाल भडक होत नाही आणि पांढरा डोळ्यात खुपत नाही. नक्षीच्या कडा किंचित पसरट, कारण रंग गाठीखाली थोडासा झिरपतोच. त्या पसरट कडांमुळे सरळ रेषांचं कापड हलल्यासारखं वाटतं. हे सगळं कमरेला पट्टा बांधून ताणलेल्या मागावर. विणून झालं की कवडीने घोटतात. कवडी बांबूच्या टोकाला बसवलेली असते आणि पूर्ण जोर लावून कापडावर फिरवतात, तेव्हा ती चमक येते. कापड जमिनीवर असेल तर ओलांडायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

याच तळ्याकाठच्या विणकर लांग डुलाय यांना 1998 मध्ये ‘गावाद सा मान्लिलिखा नंग बायान’ हा लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. ढग, फुलपाखरू, खेकडा अशा शंभरेक नक्ष्या त्यांना तोंडपाठ होत्या. 2015 मध्ये त्या गेल्या. वाडीत आजही त्यांचं नाव घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेतात.

नंतर देशाच्या उत्तरेत इलोकोसला बिनाकोल हे तिथलं कापड पाहिलं. तिथे नुसत्या चौकोनांच्या लहानमोठ्या मापांतून भोवरा उभा राहतो. सुंदर आहे, पण माझं मन तळ्याकाठीच होतं.

आणि म्हणूनच मनिलाच्या एका चकचकीत दुकानात मला राग आला. तिनालकची पाकिटं आणि चपला होत्या, काही चक्क पोपटी. खरं कापड होतं तेही जिथे बसेल तिथे कापलेलं: खेकड्याची एक नांगी शिवणीत, अर्धं अंग चेनखाली. जी नक्षी डावी-उजवी जुळावी म्हणून कुणीतरी महिनोन्‌महिने तंतू मोजले, तिचा तोल कात्रीच्या एका फटक्यात गेला होता. मी दुकानातल्या मुलीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, मोठं पाकीट महाग पडतं, गिऱ्हाईक घेत नाही. मग महाग विका. कापड कमी विकलं गेलं तरी चालेल, पण अख्खी नक्षी मावेल एवढं तरी पाकीट शिवा.