पश्चिमेची भिंत फाटली

मागच्या नोंदीत अवजारांच्या खोपटाच्या पश्चिमेच्या लाकडी भिंतीबद्दल 'मस्त जमली' अशी जी फुशारकी मारली होती, ती मागे घेतो. परवा भोरला गेलो तर चौदापैकी नऊ फळ्या चिरलेल्या. एका चिरेत एटीएम कार्ड आरपार गेलं.

आईनाचं लाकूड वाळताना फाटतं हे माहीत होतं, म्हणून आधी सगळा राग वखारवाल्यावर काढला. 'वर्षभर वाळलेला माल' म्हणून घेतला, पण दिवाळीनंतर ठोकताना मीटर २२ टक्के ओलावा दाखवत होता. 'वाळेल भिंतीवरच' म्हणत मीच चालवून घेतलं. आज तोच मीटर ११ दाखवतोय आणि सहा इंची फळी भरतेय पाच इंच साडेसहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

दीड सूत ती आकसणारच होती. घोळ स्क्रूंचा आहे. फळीवर फळी एक इंच चढवली होती आणि स्क्रू बरोबर त्या इंचाच्या मध्यावर मारले होते. म्हणजे प्रत्येक स्क्रू दोन फळ्यांतून गेला, आणि प्रत्येक फळी वरून-खालून जखडली गेली. आकसायला जागाच नाही, फाटली मधोमध. गावातल्या सुतारकाकांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तिला एकाच अंगाला धरायचं असतं."

काल पूर्ण भिंत उतरवली. आता स्क्रूची एकच ओळ, खालच्या कडेपासून दीड इंचावर. फळी चढते सव्वा इंच, म्हणजे स्क्रू खालच्या फळीच्या डोक्यावरून दोन सूत मोकळा जातो. पावसात ती फुगली की त्या दोन सुतांत वर सरकेल. तिची वरची कड नुसती वरच्या फळीच्या दाबाने बसते. भोकं आधी पाडायची: फळीत साडेचार मिलीमीटरचं, खांबात तीनचं.

आणि कृपा करून ते काळे ड्रायवॉल स्क्रू आईनात घालू नका. उतरवताना चार मुंड्या तुटल्या, शिवाय प्रत्येक भोकाखाली काजळ ओघळल्यासारखा डाग. आता ३०४ स्टेनलेसचे आणलेत. महाग आहेत, पण निदान आयुष्यात पहिल्यांदा एकही स्क्रू मोडला नाही.

साडेचार इंचाचा ठोकळा कापून घेतलाय. तो खालच्या फळीच्या खालच्या कडेशी जुळवायचा, त्यावर पुढची फळी ठेवायची, की झालं. टेपला हात लावावा लागला नाही. सगळ्यात खालच्या फळीमागे यावेळी आठवणीने रीप (लाकडी पट्टी) मारली, त्यामुळे तीही बाकीच्यांसारखीच तिरकी बसली. सात ओळी झाल्यावर अर्धा तास पाइपने पाणी मारलं. आतली धूळ कोरडी! बायकोला बोलावून दाखवली.

हिशेब मात्र बिघडलाय. जास्त चढवल्यामुळे वर सहा इंच उघडे राहतात, म्हणजे नऊ बदली फळ्या आणि वर आणखी दोन. या अकरा पूर्वेच्या भिंतीच्या थप्पीतून काढतोय. ओटीवर हिवाळाभर वाळल्यात, मीटर १२. पूर्वेसाठी पुन्हा वखारीत जायचं ठरवलं होतं, पण हे लिहिताना सुचलं की तिकडून झड येतच नाही. तिथे कारवीच्या काठ्यांचा कुड का नको? वरून शेण-मातीचा लेप. सुतारकाकांकडे कारवीच्या दोन मोळ्या पडून आहेत, उद्या विचारतो. पश्चिमेच्या उरलेल्या नऊ ओळी मात्र मृगाच्या आत, नाहीतर ताडपत्री.