रविवारचं पान

पहाटे पावणेपाचला सिस्टरांचा फोन आला. "सर, मण्यार वाटते. एएसव्ही लावतोय, तुम्ही या." एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष. एवढं बोलून फोन ठेवला. त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, क्वार्टर आवारातच. गेलो तर निंदणाला जाणारी चाळिशीची बाई. जमिनीवर झोपलेली, साप कोणी पाहिला नाही, अंगावर खूण नाही. "तीन वाजल्यापासून पोट दुखून राह्यलं साहेब, आता डोये उघडत नाई," नवरा म्हणाला. ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं होतं. ते नीट गोठलं, म्हणून विष नाही असं धरून त्यांनी पोटदुखीचं इंजेक्शन काढलं होतं. तेवढ्यात सिस्टरांनी ड्रेसिंग रूमच्या दारामागचं पान आणून त्यांच्यापुढे धरलं.

त्या पानावर माझंच अक्षर होतं: "पावसाळा, जमिनीवर झोप, पहाटे पोटदुखी, जड पापण्या, म्हणजे मण्यार समजा. खूण शोधत बसू नका. घोणस-फुरश्याचं विष रक्त बिघडवतं, मण्यारचं नसांवर जातं. म्हणून रक्त गोठलं तरी निर्धास्त होऊ नका."

सात वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलाला मी स्वतः आम्लपित्ताचं औषध देऊन घरी पाठवलं होतं. दुपारी त्याला परत आणलं तेव्हा श्वास थांबलेला होता. त्या रविवारी रात्री हे पान लिहिलं. रविवारी रात्री एक पान हा नेम त्याही आधीचा, अकरा वर्षांचा. त्या आठवड्यात जे चुकलं किंवा जे नव्याने कळलं, तेवढंच लिहायचं, तेही परिचारिकेला उभ्याउभ्या वाचता येईल असं. अधीक्षक झाल्यावर हा नेम जड जाऊ लागला. औषधांची मागणीपत्रं, मातामृत्यूंचा आढावा, जिल्ह्याची व्हिडिओ बैठक, रजेवर गेलेल्यांच्या ड्युट्या, आणि गेल्या वर्षापासून शेजारच्या रुग्णालयाचा अतिरिक्त कार्यभार. सलग चार रविवार पान झालं नव्हतं. आता हे बंद करावं, असं मनात पक्कं होत आलं होतं.

एएसव्हीच्या दहा बाटल्या सलाईनमधून सुरू होत्या. स्नायूंची ताकद परतावी म्हणून ॲट्रोपिन देऊन निओस्टिग्मिन दिलं. मण्यारच्या बाबतीत त्याचा फारसा भरवसा नसतो, आणि झालंही तसंच. एएसव्ही रक्तातलं विष निकामी करतं, पण नसांचं जे बिघडून गेलं ते लगेच परतवत नाही. मान टाकलेली, थुंकी गिळता येईना. सव्वापाचला श्वास उथळ झाला. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हवी होती. ती कपाटात होती, कपाटाला कुलूप, आणि किल्ली रात्री घरी गेलेल्या माणसाकडे. तोडायला तीन-चार मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ मी आणि ते नवे डॉक्टर हनुवटी उचलून धरून उभे होतो, आणि त्यांच्या हाताचा कंप मला माझ्या हाताला जाणवत होता. कुलूप माझ्याच आदेशाने लागलं होतं, वस्तू हरवतात म्हणून.

श्वासनलिकेत नळी टाकली. १०८ मधून यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला नेताना वाटभर बॅग दाबत डॉक्टर स्वतः गेले. मी दहाच्या आढावा बैठकीला बसलो. तिथे काय झालं ते फारसं आठवत नाही.

चौथ्या दिवशी बाईंची नळी निघाली. नवऱ्याने फोनवर त्यांना दोन शब्द बोलायला लावले.

रविवारी रात्री साडेदहाला मी जुनं पान पुन्हा उतरवून काढलं. खाली भर घातली: "एएसव्ही दिलं म्हणजे काम संपलं नाही. श्वास सांभाळा, गरज पडली तर कित्येक दिवस. अंबू बॅग आणि मास्क पलंगाशेजारी उघड्यावर. कुलूप नाही."

सकाळी सिस्टरांनी ते दारामागे चिकटवलं आणि कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.