साठ वर्षांची टकटक

आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश आजी राहतात. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ. आम्ही पश्चिम लंडनमध्ये इलिंगला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "मला सरळ नावानं हाक मार, इथे तशीच पद्धत आहे." माझी जीभ काही वळेना. साताऱ्यात वाढलेल्या मुलीनं आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची? शेवटी मी त्यांना 'आजी' या शब्दाचा अर्थ सांगितला आणि तो त्यांना इतका आवडला की आता त्या फोन केला की स्वतःच "आजी बोलतेय" म्हणतात.

डस्टी स्प्रिंगफील्ड ही गायिका मला या आजींनी दिली. तोवर मला तिचं एकच गाणं माहीत होतं, 'सन ऑफ अ प्रीचर मॅन'. तेही 'पल्प फिक्शन' सिनेमात आहे म्हणून. पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही ते रात्र-रात्र ऐकायचो, पण गाणारी कोण, कुठली, हे कधी कुणी विचारलं नाही. आवाज ऐकून मी तर तिला अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका समजत होते. इथे आल्यावर कळलं, ती याच इलिंगमध्ये वाढलेली, आयरिश घरातली गोरी मुलगी. खरं नाव मेरी ओब्रायन, जन्म १९३९ चा. बारा वर्षांची असताना तिनं इलिंगमधल्याच एका रेकॉर्डच्या दुकानात जाऊन आपल्या आवाजात एक गाणं तबकडीवर उतरवून घेतलं होतं. हे वाचल्यापासून मी भाजी आणायला निघाले की जुन्या दुकानांच्या पाट्यांकडे उगाच बघत जाते.

आजींकडे तिची पहिली एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी, आहे, 'ए गर्ल कॉल्ड डस्टी'. १९६४ मध्ये निघाली तेव्हाच त्यांनी आपल्या पहिल्या पगारातून घेतलेली. कव्हरच्या कडा झिजून आतला पुठ्ठा दिसतो. चित्रात डस्टी निळ्या डेनिमच्या शर्टात आहे, सोनेरी केस फुगवलेले, डोळ्यांत काजळ भरभरून. आणि कंपनीचं नाव 'फिलिप्स'. आमच्या साताऱ्याच्या घरात आजोबांचा रेडिओ होता, त्याच्यावरही हेच नाव होतं. परक्या देशात, परक्या बाईच्या दिवाणखान्यात ते नाव बघून मला एकदम घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

या एलपीत एक गाणं आहे, 'माय कलरिंग बुक'. अगदी हळू, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं. त्याच गाण्यावर चरा पडलाय. कुणाला तरी रेकॉर्ड ऐकायला दिली होती, तिथून ती अशीच परत आली. वेगवान गाण्यात चरा खपून जातो. इथे मात्र मागे फारशी वाद्यंच नाहीत, त्यामुळे टक्, टक्, टक्, एका लयीत ऐकू येत राहतं. आजी म्हणाल्या, "मी हे गाणं साठ वर्षं असंच ऐकलंय. पण टाळलं नाही कधी."

मग मी डस्टीच्या मागेच लागले. आधी, सगळे करतात तसंच, निवडक गाण्यांचा एक संग्रह ऐकला. सुंदरच आहे, पण त्यातली डस्टी म्हणजे जवळजवळ सगळा वेळ प्रेमात होरपळलेली, मोठ्या वाद्यवृंदासमोर उभी राहून आर्त गाणारी बाई. आजींना सांगितलं तर त्या मानच हलवायला लागल्या. "अगं, ही तर निम्मीसुद्धा नाही. अल्बम ऐक."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे मला हळूहळू कळलं, आणि त्यामागचं कारणही. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये सिंगल आणि एलपी ही जणू दोन वेगळी कपाटं होती. सिंगल म्हणजे छोटी तबकडी, एका बाजूला एक गाणं, रेडिओवर गाजायला काढलेली. ज्यांनी सिंगल विकत घेतली त्यांनी तेच गाणं एलपीत पुन्हा का विकत घ्यावं, असा विचार असायचा. म्हणून बहुतेक सिंगल एलपीत घालत नसत. डस्टीचं एकटीनं गायलेलं पहिलं गाजलेलं गाणं 'आय ओन्ली वॉन्ट टू बी विथ यू'. १ जानेवारी १९६४ ला बीबीसीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम सुरू झाला, त्या पहिल्याच भागात तिनं ते गायलं. पण हे गाणं तिच्या पहिल्या ब्रिटिश एलपीत नाही! अमेरिकेतल्या कंपनीनं नेमकं उलटं केलं, तिथे सिंगल घालून, क्रम बदलून, वेगळ्याच नावांचे अल्बम निघाले. पुढे निवडक गाण्यांचे जे संग्रह येत गेले ते बहुतेक सगळे सिंगलचे. एलपीसाठी तिनं हौसेनं निवडलेली गाणी मात्र मागे राहिली.

आणि ती निवड बघा. पहिल्या एलपीत 'मॉकिंगबर्ड' आहे. मूळ गाणं अमेरिकेतल्या एका भावाबहिणीच्या जोडीनं गायलेलं, सवाल-जवाबासारखं. डस्टीनं दोन्ही बाजू स्वतःच गायल्यात, एक जाड आवाजात, एक बारीक. तोपर्यंत ती आपल्या भावाबरोबर 'द स्प्रिंगफील्ड्स' या त्रिकुटात लोकगीतांच्या धाटणीची गाणी गात होती आणि नुकतीच त्यातून बाहेर पडली होती. भावाबहिणीचं द्वंद्वगीत तिनं आता एकटीनं गायलं, हे मला फार बोलकं वाटतं.

१९६५ च्या 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप डस्टी'मध्ये तर तिनं कमालच केली आहे. होरेस सिल्व्हर या जॅझ पियानोवादकाची 'डूडलिन' ही चाल, मेक्सिकोचं 'ला बाम्बा' स्पॅनिशमधून, 'पॅकिन अप' हे चर्चमध्ये टाळ्यांच्या तालावर गातात तसं गॉस्पेल, आणि रँडी न्यूमनचं 'आय हॅव बीन राँग बिफोर'. हे शेवटचं तिनं इतकं आवरून गायलंय की मी श्वास रोखून ऐकते. हे सगळं एकाच तबकडीवर. १९६७ च्या 'व्हेअर ॲम आय गोइंग'मध्ये ती 'इफ यू गो अवे' गाताना मधेच फ्रेंचमध्ये शिरते. त्याच्या आधी फ्रेंचमध्ये चार गाण्यांची एक वेगळी तबकडीसुद्धा केली होती तिनं.

तुम्ही विचाराल, म्हणजे आपल्याकडच्या कुणासारखी? मलाही आधी आशाताईच आठवल्या. एकच गळा लावणीत वेगळा, नाट्यगीतात वेगळा, कॅबरेत वेगळा. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे गाणं सिनेमाचं असतं. कोणतं गाणं कोणाच्या शेजारी बसेल हे गायिकेच्या हातात नसतं. बाबांना आम्ही 'कारवाँ' हा गाणी भरलेला रेडिओ घेऊन दिला, त्यात पाच हजार गाणी आहेत आणि ते दिवसभर खूश असतात. पण ती गाणी एकेकटी येतात. डस्टीचा अल्बम म्हणजे तिनं स्वतः मांडलेलं ताट आहे. लोणचं कुठे, भात कुठे, गोड कधी, हे तिनं ठरवलेलं. तबकडीवर निर्माता म्हणून जॉनी फ्रान्झ यांचं नाव असलं तरी स्टुडिओत वाद्यांचा आवाज कसा हवा याच्यासाठी झगडायची ती डस्टी, हे तिनं स्वतः आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्यांनी अनेकदा सांगितलं आहे. तरुण बाईनं वाजवणाऱ्या पुरुषांना "पुन्हा एकदा घेऊ" म्हणणं तेव्हा कुणाला रुचत नव्हतं. तिला हट्टी ठरवलं गेलं. 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी'च्या वेळी तिला हवा तसा घुमारा स्टुडिओत मिळेना, तेव्हा ती जिन्यात जाऊन गायली. ते गाणं १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

तिचा हट्ट गाण्यापुरता नव्हता, हेही सांगायलाच हवं. डिसेंबर १९६४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली ती करारात अट घालून, की काळे-गोरे वेगळे बसवलेल्या प्रेक्षकांसमोर मी गाणार नाही. केपटाउनजवळ मिश्र प्रेक्षकांसमोर ती गायली आणि तिथल्या सरकारनं तिला देशाबाहेर काढलं. पंचवीस वर्षांची होती ती तेव्हा.

एलपी पुन्हा निघणं, रीइश्यू होणं, याला मी आधी फक्त धंदा समजत होते. जुनाच माल नव्या वेष्टनात. आता माझं मत अगदी बदललंय. नव्वदच्या दशकात तिचे हे ब्रिटिश अल्बम सीडीवर परत येऊ लागले, मूळ क्रमानं, मूळ कव्हरसकट, आणि शेवटी त्याच काळातली सिंगल जोडून. दोन्ही कपाटं प्रथमच एकत्र उघडली. 'डस्टी इन मेम्फिस' हा १९६९ चा अल्बम तर पुन्हा-पुन्हा निघतो आहे. आज तो तिचं सर्वात मोठं काम मानला जातो, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याला जागा दिली आहे. निघाला तेव्हा अमेरिकेत तो जेमतेम ९९ व्या क्रमांकापर्यंत पोचला होता. त्या अल्बमच्या वेळी ती इतकी बावरलेली होती की मेम्फिसमध्ये तिच्याकडून गाणं होईना. आवाज शेवटी न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केला. हेडफोनमध्ये वाद्यं एवढी चढवून घ्यायची की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येऊ नये. आणि ऐकताना वाटतं, दुपारी खिडकीत बसून सहज गुणगुणतेय.

सर्वात जास्त जिवाला लागली ती 'फेथफुल'ची गोष्ट. १९७१ मध्ये जेफ बॅरी या निर्मात्याबरोबर तिनं हा अल्बम केला आणि तो निघालाच नाही. पुढे १९७८ मध्ये अटलांटिक कंपनीच्या न्यू जर्सीतल्या गोदामाला आग लागली, हजारो टेप जळाल्या, त्यातच याही गेल्या असं धरलं गेलं. पण जेफ बॅरींकडे प्रती होत्या. अल्बम म्हणून तो २०१५ मध्ये बाहेर आला, डस्टी गेल्यावर सोळा वर्षांनी. तिला तो दुकानात बघायला मिळाला नाही.

ती २ मार्च १९९९ ला स्तनाच्या कर्करोगानं गेली, साठीही गाठली नव्हती. थेम्सकाठच्या हेन्ली गावात सेंट मेरीज चर्चच्या आवारात तिच्या नावाचा दगड आहे. गेल्या वर्षी आजींना घेऊन मी तिथे गेले. इलिंग ब्रॉडवेहून एलिझाबेथ लाइननं ट्वायफर्ड, तिथे गाडी बदलून छोट्या फाट्यावरून हेन्ली. पुलाजवळच चर्च आहे. दगडापाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं. आजींनी वाकून एक वाळकं पान उचललं, खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "शाळेत आम्ही सगळ्या तिच्यासारखं काजळ घालायला जायचो आणि नन आम्हाला धुऊन यायला लावायच्या."

आता मला सापडलेल्या एका सीडीबद्दल. इथे चॅरिटी शॉप म्हणून दुकानं असतात, लोकांनी दान दिलेल्या वस्तू तिथे स्वस्तात मिळतात आणि पैसे त्या संस्थेच्या कामाला जातात. मी दर शनिवारी तिथली सीडीची खोकी चाळते. मार्चमधल्या एका शनिवारी 'ए गर्ल कॉल्ड डस्टी'ची १९९७ ची आवृत्ती हाताला लागली. दोन पौंड. तोच निळा शर्ट, तळहाताएवढा झालेला.

संध्याकाळी शिरा केला आणि वाटी घेऊनच खाली गेले. आजींना म्हटलं, तुमची एलपी आज नको, ही लावू. पहिली गाणी त्या मान डोलवत ऐकत होत्या, मधेच शिऱ्यात वेलदोडा आहे का विचारलं. मग 'माय कलरिंग बुक' सुरू झालं. मी त्यांच्याकडे न बघता ऐकत होते, कारण मलाही ते गाणं चऱ्याशिवाय ऐकायचं होतं. आवाज इतका जवळ आला की ओठ उघडल्याचं कळावं. एका ओळीनंतर ती श्वास घेते. एलपीवर तो त्या आवाजाखाली दबून गेला होता, मला पहिल्यांदाच ऐकू आला.

तेवढ्यात खुर्चीच्या लाकडी हातावर काहीतरी वाजलं. आजींचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांचं बोट बरोबर त्या लयीत, त्याच जागी, हलकेच पडत होतं. टक्. टक्. टक्.